लुलियाची मेंदी

सक्कारा रस्ता, गिझा
१८ फेब्रुवारी १९८९

नबविया ताई,

सलाम, आणि तुझ्या हाताचा मुका.

लुलिया पोचली. ट्रकमधून उतरवली तेव्हा मांड्यांवर शेणाचे पोपडे होते, शेपटीत बरसीमच्या काड्या होत्या आणि हिवाळ्याचे केस इतके वाढलेले की आमच्यातला हनफी ओरडला, "अरे, घोडी मागवली होती, मेंढी कुणी पाठवली?" पागेतले सगळे मोतद्दार हसले. मीही हसलो. खरं सांगतो, त्या घटकेला ही आपल्या घरची घोडी असं म्हणायची मला लाज वाटली.

परवा तिला भादरली. आधी चांगली घासून न्हाऊ घातली, कारण मळक्या अंगावर मशीन अडकतं आणि रेघा उठतात. मग मानेपासून शेपटीपर्यंत सगळे केस उतरवले. ओठांवरच्या मिशा आणि कानांतले केस वस्तऱ्याने काढले. खाली एवढा ढीग पडला की त्यात एक गादी भरली असती. पण केस गेल्यावर खालची काळी कातडी दिसायला लागली आणि आपली पांढरी लुलिया एकदम राखेसारखी झाली. त्यात कोंडा. खरारा केला की पीठ उडतं. नव्याने भादरलेल्या घोड्याचं हेच दुखणं असतं, झाकलेलं सगळं वर येतं. म्हणून रोज टॉवेल कढत पाण्यात बुडवायचा, घट्ट पिळायचा, आधी केसांच्या उलट घासायचा, मग सुलट. शेवटच्या पाण्यात थोडा सिरका आणि चिमूटभर नीळ. पहिल्या दिवशी नीळ जास्त पडली आणि घोडी परटाच्या दोरीवरच्या सदऱ्यासारखी दिसायला लागली. आता बरी आहे. डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांना तेलाचं बोट लावलं की काळं चमकतं, तेव्हा तिच्यावरून नजर हटत नाही.

घोड्यांचं प्रदर्शन ३ मार्चला, शुक्रवारी आहे. आमचे मालक रऊफ बे म्हणालेत, घोडी तुझ्या घरची आहे तर रिंगणात तूच धर. नंबर आला तर यापुढे त्यांचे सगळे घोडे मीच धरणार. सहा वर्षं इथे लीद उचलली, ताई. आता कुठे कुणीतरी नावाने हाक मारतंय.

नावावरून आठवलं. पाकिटावर 'शुक्री' लिहीत जा. इथे मला सगळे शुक्री म्हणतात. शहाता कुणाला माहीत नाही.

तुझा
शुक्री

*

कफ्र सिद्रा, शर्किया
२२ फेब्रुवारी

माझ्या आईच्या लेका, शहाता,

पाकिटावर शुक्री लिहिलंय. आत लिहिणार नाही. तुझ्या आधीची तीन पोरं आईच्या मांडीवर गेली. चौथं तरी जगावं म्हणून तिने ओढणी पसरून दारोदार भाकरीचे तुकडे मागितले आणि तुझं नाव ठेवलं शहाता. मागून आणलेला. भिकाऱ्याच्या पोराकडे कुणी डोळे फाडून बघत नाही, नजर लागत नाही. त्या नावाने तुला जगवलं, आणि तू त्यालाही मशीन लावलंस? बरं, शहरात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. कडबाकुट्टीने खाल्लेलं अर्धं बोट अमशीरचा वारा सुटला की ठणकायला लागतं. जे आहे ते दुखलं तर समजेल, हे नाही तेच दुखतंय.

लुलियाला तू नागडी केलीस हे वाचलं आणि घास उतरेना. अमशीरमध्ये! वावटळींचा बाप आहे तो महिना. तिच्यावर झूल घातलीस ना? दोन घाल. बिनआईचं शिंगरू ते, मी म्हशीचं दूध पाजून वाढवलंय. तेव्हा कधी तिचं सबंध अंग धुतलं नाही मी, कुठेतरी एक डाग ठेवायचेच. कुणी पाहुणा आला की तोंडाला माती फासायचे आणि तू हसायचास. पण घोडी जगली ना? तर तूही एखादा डाग ठेव. पोटाखाली, बोटभर. कुणाला दिसणार नाही.

आणि हे केस काढणं, न्हाऊ घालणं, कढत टॉवेलाने शेकणं, हे तर नवरीचं चाललंय रे! शेजारच्या फिकरियाचं लग्न आहे. तिलाही परवा साखरेच्या पाकाने अशीच सोलली. पोरगी अशी किंचाळत होती की मशिदीत लोकांची नमाज चुकली असेल. पण सोलून झाल्यावर आम्ही तिच्यासाठी मेंदी भिजवली. नवरीला अशी कोरी कुणी ठेवत नाही.

मी येतेय. गुरुवारी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. फतीर भाजून आणते, भरपूर तूप घालून, आणि मुरलेलं चीज. तू म्हणशील, येऊ नकोस, दगदग होईल. लहानपणापासून तुला माझीच काळजी. पण तुझी बहीण अजून म्हातारी झालेली नाही.

नबविया

*

सक्कारा रस्ता, गिझा
२७ फेब्रुवारी

ताई,

सलाम, आणि हाताचा मुका.

घाईत लिहितोय. येऊ नकोस. खरंच दगदग होईल. दोन बस, मग पिकअप, आणि वाऱ्यात उभं राहणं. शिवाय बेंना पागेत बाहेरची माणसं आवडत नाहीत, नियमच आहे तसा. कैरोतली मोठी माणसं येतात, परदेशी बायका येतात, त्यांच्यात तुलाच अवघडल्यासारखं होईल.

फतीर वगैरे काही नको, इथे सगळं मिळतं. डाग ठेवायचं म्हणतेस, ताई, इथे बे स्वतः पांढरा रुमाल घेऊन फिरतात. घोडीच्या पुठ्ठ्यावर घासून बघतात. काल रुमालावर कोंडा आला तर सगळ्यांसमोर तो माझ्या नाकासमोर धरला. मी जमिनीत गेलो. त्यानंतर पुन्हा टॉवेल, पुन्हा सिरका. आज रुमाल स्वच्छ निघाला.

प्रदर्शन झालं की मीच तिकडे येईन. तेव्हा सांगेन सगळं.

शुक्री

*

कफ्र सिद्रा, शर्किया
४ मार्च

शहाता, माझ्या लेका,

तुझं 'येऊ नकोस' हे पत्र मी परत आल्यावर हातात पडलं! पोस्टमनला म्हटलं, जरा आधी आणलं असतंस तर माझी फतीर वाचली असती. तो म्हणाला, वारा उलटा होता.

मी तुझ्या कामात आड नाही ना आले? तू धावपळीत होतास, नीट बोलता आलं नाही. पण मन भरलं रे. केवढी ती पागा! आमच्या मशिदीपेक्षा स्वच्छ. आणि तुझे बे किती भला माणूस! गाडी थांबवली, तुझ्याशी बोलले, मग मला बाहेरच्या बाकावर चहा पाठवला. एवढा मोठा माणूस, पण जाताना थांबून मला विचारलं, "किती वर्षं झाली यांच्या घरी?" मी म्हटलं, "साहेब, हा पाळण्यात होता तेव्हापासून." ते म्हणाले, "अशी इमानी माणसं आता मिळत नाहीत." मला वाटलं बहिणीला कुणी इमानी म्हणत नाही, पण शहरातली बोलण्याची तऱ्हा असेल. हनफीने तर माझा हात हातात घेऊन बोटाची चौकशी केली. चांगला पोरगा आहे, जरा वाचाळ आहे.

आता गंमत सांगते. तू मला लुलियाजवळ सोडून पाणी तापवायला गेलास ना? मी झूल वर केली आणि माझे डोळेच भरले. अशी गुळगुळीत, अंड्यासारखी. मी म्हटलं, हिला उद्या हजार डोळे बघणार आणि हिच्या अंगावर एक बोट लावायला जागा ठेवली नाही माझ्या भावाने. फिकरियाची मेंदी डब्यात आणलीच होती. तिच्या पुठ्ठ्यावर पंजा उमटवला, डाव्या बाजूला, आणि झूल खाली केली. ती हललीसुद्धा नाही. तिने माझा वास ओळखला. झुलीच्या उबेत रात्रभर छान रंगली असेल!

सकाळी बघितलंस तेव्हा हसलास ना? नंबर आला ना? लवकर लिही.

नबविया

*

सक्कारा रस्ता, गिझा
४ मार्च

नबविया,

तुझं पत्र येईल न येईल, मी वाट बघणार नाही. आज लिहिलं नाही तर फुटेन.

काल सकाळी मी झूल काढली. पांढऱ्या घोडीच्या पुठ्ठ्यावर नारिंगी पंजा. पाच बोटं, त्यातलं एक अर्धं. म्हणजे कुणाचं काम हे विचारायलाही जागा नाही. साबण लावला, सिरका लावला, केसांचा रंग उडवायचं औषध लावलं. हनफी म्हणाला लिंबू चोळा, तर दहा लिंबं चोळली. लिंबाने मेंदी आणखी रंगते हे पागेतल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं! नारिंगीचं लाल झालं. शेवटी मक्याच्या पिठाने बुजवलं, त्यावर खडू, आणि अल्लाहचं नाव घेऊन रिंगणात गेलो.

पहिली फेरी चांगली गेली. मान वर, शेपटी झेंड्यासारखी. लोक टाळ्या वाजवत होते, ताई. मग दुडकी चाल घ्यायला सांगितली. घोडीला घाम आला आणि अमशीरचा वारा पाठीमागून आला आणि सगळं पीठ उडालं. माझं तोंड पुढे होतं, मला दिसलंच नाही. लोक हसायला लागले तेव्हा वाटलं, माझा सदरा फाटला. कुणीतरी ओरडलं, "नवरी आली रे, नवरी!" एका बाईने तर चक्क लग्नात बायका करतात तसं उलुलू केलं. परदेशी परीक्षक जवळ आला, त्याने आपला पंजा त्या पंजावर ठेवून मापून बघितला आणि तोही हसला. नंबर कुठला? आम्हाला ओळीतसुद्धा उभं केलं नाही.

आणि हे तू मुद्दाम केलंस. हो, मुद्दाम. दाराशी बेंनी मला विचारलं, ही बाई कोण, आणि मी म्हटलं, गावाकडची आमची मोलकरीण, घोडीला दूध पाजायला ठेवलेली. ते तू ऐकलंस. ऐकून हसत उभी राहिलीस, चहा प्यायलीस, फतीर वाटलीस, आणि मग माझा सूड त्या मुक्या जनावराच्या पाठीवर घेतलास. मला दोन शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं. सहा वर्षांचं माझं काम तू एका पंजाने पुसलंस.

मी काय करायला हवं होतं? तिथे ती गाडी, तो कोट, आणि तुझ्या डोक्यावर ती फतीरची पाटी. तोंडातून निघून गेलं. पण तू जे केलंस ते निघून गेलेलं नव्हतं, डब्यात भिजवून आणलेलं होतं.

शुक्री

*

कफ्र सिद्रा, शर्किया
९ मार्च

शहाता,

दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असणार. माझं तुला मिळालं असेल. त्यात मी किती हसले होते.

मी काही ऐकलं नव्हतं.

दाराशी वारा होता. तू बेंच्या गाडीपाशी वाकून काहीतरी सांगत होतास, माझ्याकडे बोट दाखवत होतास आणि बे मान डोलावत होते. मला वाटलं, माझा भाऊ माझं कौतुक करतोय. मी पाटी खाली ठेवली आणि ओढणी नीट केली, चांगलं दिसावं म्हणून.

तू काय म्हणालास ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तू लिहिलं नसतंस तर मरेपर्यंत कळलं नसतं.

मेंदीची मला लाज वाटते. खोटं बोलत नाही, फार वाटते. तुझ्या पत्रातली दुडकी चाल वाचली आणि मी दोन दिवस विहिरीवर गेले नाही. मला काय ठाऊक तुमच्या खेळात नवरी कोरीच ठेवतात? तुझं कामही मला कळत नाही आणि तुझी माणसंही. तुझं नुकसान माझ्या या हाताने झालं, त्याला दुसरं कोण जबाबदार? बेंना माझ्या वतीने माफी सांग. मोलकरणीची माफी म्हणून सांग, म्हणजे तुला सोपं जाईल.

पण इमानी माणसं आता मिळत नाहीत हे ते मला म्हणाले तेव्हा मी गावभर सांगितलं रे. बसमध्ये शेजारच्या बाईला सांगितलं. फिकरियाच्या लग्नात सांगितलं. आता लोक विचारतात, बेंची आणखी काय खबर? मी म्हणते, वारा आहे, ऐकू येत नाही.

लुलियाला संभाळ. अंगावर केस यायला किती दिवस लागतात तेवढं कळव. तोवर तिला थंडी वाजेल.

नबविया

*

सक्कारा रस्ता, गिझा
१४ मार्च

ताई,

हाताचा मुका लिहायची आज हिंमत नाही.

तुझं आधीचं पत्र मिळालं तेव्हा मी ते पागेच्या मागे जाऊन वाचलं. "हसलास ना?" इथपर्यंत आलो आणि पुढचं दिसेना. मग दुसरं आलं. ओढणीचं वाचलं. त्यानंतर मी काय केलं ते सांगतो, आणि एक गोष्ट तुला लिहिली नव्हती तीही सांगतो, म्हणजे पुन्हा कुणाकडून कळायला नको.

रिंगणाबाहेर बे रागाने लाल होऊन म्हणाले, "हा त्या बाईचा हात ना?" हनफीने बोटावरून ओळखलाच होता. मी म्हटलं, "हो साहेब. अडाणी आहे. तिला मी काढून टाकतो." असं म्हणालो मी. काढून टाकतो. दाराशी तोंडातून निघून गेलं असं मी लिहिलं होतं ना? हे विचार करून म्हणालो होतो.

परवा छायाचित्रकार येणार होता. बेंनी सांगितलं, बारीक पात्याने पुठ्ठा पुन्हा भादर, तो पंजा जायला हवा. मशीन सुरू केलं. घोडी बिचकू नये म्हणून डावा हात तिच्या पुठ्ठ्यावर टेकवला, तर तो नेमका तुझ्या हातावर पडला. माझं बोट तुझ्या अर्ध्या बोटापाशी येऊन पुढे गेलं. हनफी मागून म्हणाला, "आटप रे शुक्री, मोलकरणीचा हात किती वेळ धरून बसणार?" सगळे हसले. बे तिथेच खुर्चीवर होते.

मी मशीन बंद केलं. म्हटलं, "ती माझी बहीण आहे. मला आणि या घोडीला तिनेच वाढवलंय. आणि माझं नाव शहाता."

मला वाटलं, बे मला हाकलतील. ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "माझ्या दारात माझ्या माणसाची बहीण आली आणि मी तिला बाहेर बसवून चहा पाठवला. नोकराला देतात तसा. तू मला हे करायला लावलंस." आवाजही चढवला नाही. ताई, मी ज्यांना घाबरून तुला नाकारलं, त्यांनी तुला आत नेऊन खुर्ची दिली असती. हे कळल्यापासून मला कुणाच्या डोळ्यात बघता येत नाही.

रिंगणात आता हनफी घोडे धरेल. मी पुन्हा लीद उचलतो. त्याचं काही वाटत नाही, त्यात मान खाली घालायलाच लागते. छायाचित्र निघालं नाही. पंजा तसाच आहे. केस वाढायला लागलेत, उन्हाळ्यात ते झडतील तेव्हा तो आपोआप जाईल.

पुढच्या गुरुवारी लुलियाला घेऊन गावी येतोय. बेंनी ट्रक दिलाय. मी आलो तर दार उघडशील का? नाही उघडलंस तर घोडी अंगणात बांधून परत जाईन. ती तुझीच आहे.

शहाता

*

कफ्र सिद्रा, शर्किया
१८ मार्च

शहाता,

ये. गोठ्यात लुलियाची जागा झाडून ठेवली आहे. फतीर यावेळी भाजणार नाही, मागच्या वेळची तुझ्या पागेत वाटून संपली, आता घरातली शिळी भाकरी खा.

राग गेलेला नाही. तो घोडीच्या केसांसारखा हळूहळूच जाईल. तू विचारतोस म्हणून सांगते, उगाच मन मोठं करून लिहिणार नाही.

ट्रक आला की सगळं गाव दाराशी जमेल. घोडीच्या पुठ्ठ्यावरचा पंजा बघतील, हसतील, हसू देत. आणि कुणीतरी विचारेलच, ही घोडी घेऊन कोण आलं? अमशीर संपला, पण वारा अजून पडलेला नाही. तरी तू काळजी करू नकोस. मी दारात उभी राहून सांगेन, हा माझा भाऊ, शहाता. शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं सांगेन.

नबविया